गैरहजर पान आणि न थांबणारे यंत्र

दुर्गमधील पद्मनाभपूर आणि भिलाईचा पोलाद कारखाना यांच्यात अंतर फारसे नाही. या परिसरातील माणसाला झोतभट्टी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दक्षिणेकडील दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज आणि नंदिनीच्या खाणींतून चुनखडी या कारखान्यासाठी येऊ लागली. भट्टीच्या तोंडाशी मावेल तेवढाच माल भट्टीपाशी ठेवायचा, त्याहून मोठा साठा कारखान्याच्या आवारात ठेवायचा आणि सर्वांत मोठा साठा खाणीच्या पोटात राहू द्यायचा, अशी ही तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. जवळचे कोठार लहान असते. पण त्यातून माल चटकन हाती येतो. दूरचे कोठार प्रचंड असते. पण तेथून माल यायला वेळ लागतो.

संगणकाच्या स्मृतीची रचना नेमकी अशीच असते. प्रोसेसरला लागून असलेली स्मृती अत्यंत वेगवान आणि अत्यंत लहान असते. त्यानंतर येते ती मुख्य स्मृती, आणि तिच्याही पलीकडे डिस्कचे विस्तीर्ण भांडार असते. मुख्य स्मृतीतील मजकूर मिळण्यास साधारणतः एक दशलक्षांश सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. फिरत्या चकतीच्या डिस्कवरून तोच मजकूर आणावयाचा झाल्यास सेकंदाचा शंभरावा हिस्सा लागू शकतो. म्हणजे या दोहोंच्या वेगात सुमारे एक लाखपटींचा फरक आहे. हा फरक प्रोसेसरला जाणवू न देता काम चालू ठेवावयाचे, ही गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील संगणकशास्त्राची एक मोठी साधना आहे. या साधनेतील एकाच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. हवे असलेले पान जागेवर नसेल तर थांबायचे कोणी? आणि ज्याला थांबताच येत नाही, त्याचे काय करायचे?

आरंभीच्या काळात या प्रश्नाचे ओझे कार्यक्रम लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यावर होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सिद्ध झालेल्या टिफ्रॅक या संगणकाची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती. येथे ‘शब्द’ म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढ्या अंकांचा गट. एवढ्याशा जागेत न मावणारे गणित करायचे असेल तर त्याचे तुकडे पाडणे, कोणता तुकडा केव्हा स्मृतीत आणायचा हे ठरविणे आणि काम झालेला तुकडा बाहेर काढणे, हे सारे माणसालाच करावे लागे. गणित जाणणाऱ्याची अर्धी बुद्धी अशी सामानसुमान हलविण्यात खर्च होई.

यातून सुटकेचा मार्ग इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात निघाला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांती या कंपनीच्या साहाय्याने ॲटलस हा संगणक उभारला. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ॲटलसची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची होती, तर तिच्या पाठीशी ९८,३०४ शब्दांचे चुंबकीय ड्रम होते. किलबर्न यांनी स्मृतीचे ५१२ शब्दांचे सारखे भाग पाडले आणि अशा भागाला ‘पान’ म्हटले. मुख्य स्मृतीत एका वेळी ३२ पाने राहू शकत. कार्यक्रम लिहिणाऱ्याने मात्र सर्व पाने हाताशीच आहेत असे समजून लिहावे. एखादे पान प्रत्यक्षात स्मृतीत नसेल तर यंत्रानेच ते ओळखावे, काम क्षणभर थांबवावे, ड्रमवरून पान आणावे, आणि ज्या सूचनेपाशी काम अडले होते तीच सूचना पुन्हा पहिल्यापासून चालवावी, अशी ही योजना होती.

या अडण्यालाच ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. हा शब्द ऐकणाऱ्याची थोडी दिशाभूल करतो. यात दोष कोणाचाच नसतो, काही मोडलेलेही नसते. हवे ते पान जागेवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून येथे त्याला ‘पानाची गैरहजेरी’ असे म्हणू. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसलेला वाचक एखादे पुस्तक मागतो, सेवक ते तळघरातील कपाटातून आणून देतो, आणि वाचक थांबला होता तेथून पुढे वाचू लागतो. मधल्या वेळात टेबलावरील दुसऱ्या वाचकाचे काम चालूच असते. पुस्तक आणायला वेळ लागला म्हणून अर्थाचा विपर्यास होत नाही. सर्व व्यवस्थेचा पाया असा की वाचक थांबू शकतो, आणि थांबल्यामुळे त्याचे काही बिघडत नाही.

अर्थात या सोयीलाही मर्यादा होती. टेबल लहान आणि वाचक फार, असे झाले की सेवक एकाचे पुस्तक उचलून दुसऱ्याला जागा करून देतो, आणि लगेच पहिला वाचक तेच पुस्तक पुन्हा मागतो. सर्व वेळ ने-आण करण्यात जातो, वाचन होतच नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेचे विश्लेषण केले. प्रत्येक कामाला त्या त्या काळात ठराविक पानांचा एक संच हाताशी लागतोच. तेवढी जागा देता येत नसेल तर ते काम त्या वेळी सुरूच करू नये, असे त्यांनी दाखवून दिले. पाने उसनी देता येतात, पण उसनवारीलाही हिशेब लागतो, हा या संशोधनाचा इत्यर्थ होय.

येथवर एक यंत्र आणि त्याची एक स्मृती एवढेच चित्र होते. याच सुमारास त्यात एक नवी गुंतागुंत शिरली. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका मोठ्या संगणकातून अनेक ‘आभासी संगणक’ निर्माण करण्याचे प्रयोग झाले, आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती पद्धत बाजारात आली. यात एक यजमान असतो व त्याच्या घरी अनेक पाहुणे असतात. प्रत्येक पाहुणा म्हणजे एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम. संपूर्ण यंत्र आपल्याच मालकीचे आहे अशा समजुतीने ती वागते. तिला दिसणारी स्मृती मात्र खरी नसते. यजमानाने दाखविलेली असते.

त्यामुळे पानाचा पत्ता आता दोनदा शोधावा लागतो. पाहुण्याच्या वहीत एक पत्ता मिळतो; तो पत्ता यजमानाच्या वहीत पाहिला की खरी जागा कळते. पूर्वी या दोन वह्यांची मिळून एक तिसरी वही यजमानाला सतत लिहून ठेवावी लागे. २००७-०८ च्या सुमारास एएमडी आणि इंटेल यांच्या प्रोसेसरमध्ये दोन्ही वह्या एकापाठोपाठ वाचण्याची सोय यंत्रातच झाली. या वह्या चार-चार पायऱ्यांच्या असतील तर एका पत्त्यासाठी जास्तीत जास्त २४ वेळा स्मृती पाहावी लागते. म्हणून एकदा सापडलेला पत्ता प्रोसेसर काही काळ जवळ जपून ठेवतो.

यातून गैरहजेरीचे दोन प्रकार झाले. पाहुण्याच्या स्वतःच्या वहीत पान नसेल तर पाहुणाच ते आणतो, यजमानाला त्याची वार्ताही नसते. याउलट पाहुण्याच्या वहीत पान आहे, पण यजमानाने जागेच्या टंचाईमुळे ते हळूच डिस्कवर नेऊन ठेवले आहे, असेही होऊ शकते. अशा वेळी यजमान पाहुण्याला थांबवितो, पान परत आणतो आणि पुन्हा चालू करतो. पाहुण्याला याचा पत्ता लागत नाही. मधला काळ जणू त्याच्या आयुष्यात आलाच नाही. मात्र कोणते पान निरुपयोगी हे पाहुण्यालाच ठाऊक असते, यजमानाला नसते. यजमानाच्या निवडीतून कामाचेच पान बाहेर जाण्याचा धोका असतो. यावर कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ साली व्हीएमवेअरच्या प्रणालीतील एक युक्ती प्रसिद्ध केली. पाहुण्याच्या घरात यजमानाचा एक ‘फुगा’ ठेवायचा. जागा हवी असेल तेव्हा यजमान तो फुगवितो. मग अडचणीत आलेला पाहुणा स्वतःच नको असलेली पाने बाहेर काढतो. त्याने काढलेली जागा फुग्यामार्फत यजमानाला मिळते.

आता उपकरणांकडे वळले पाहिजे. कारण मूळ प्रश्न खरा तेथेच टोकदार होतो. नेटवर्क कार्ड, डिस्कचे नियंत्रक, चित्रे व गणिते हाताळणारे ग्राफिक्स प्रोसेसर ही सारी उपकरणे. प्रोसेसर त्यांच्याशी बोलतो ते बहुधा स्मृतीच्याच भाषेत. काही पत्ते असे राखून ठेवलेले असतात की तेथे लिहिलेला अंक स्मृतीत जात नाही; तो उपकरणाला दिलेला हुकूम असतो. एका पत्त्यावर लिहिले की पाकीट पाठविले जाते, दुसऱ्या पत्त्यावर वाचले की काम झाले की नाही ते कळते.

पाहुण्याने अशा पत्त्याला हात लावला तर काय होते? पाहुण्याला दाखविलेले उपकरण पुष्कळदा अस्तित्वातच नसते. यजमानाने आपल्या वहीत त्या पत्त्याची जागा मुद्दाम कोरी ठेवलेली असते. पाहुण्याचा हात तेथे लागताच पान गैरहजर ठरते आणि नियंत्रण यजमानाकडे येते. पाहुणा कोणती सूचना चालवीत होता, कोणत्या पत्त्यावर आणि कोणता अंक लिहीत होता, हे यजमान पाहतो. त्या उपकरणाने जे केले असते ते तो स्वतः करतो, आणि पाहुण्याला त्या सूचनेच्या पुढे नेऊन सोडतो.

साध्या गैरहजेरीपेक्षा हा प्रकार मुळातच वेगळा आहे. साध्या गैरहजेरीत पान आणले जाते व तीच सूचना पुन्हा चालविली जाते. येथे आणायला पान नाहीच, आणि सूचना पुन्हा चालविली तर तोच अडथळा पुन्हा येईल. म्हणून ती यजमानाने पाहुण्याच्या वतीने पार पाडावी लागते. या ठिकाणी गैरहजेरी ही उणीव राहत नाही. ती दारावरची घंटा होते. ही घंटा वाजविणे महाग असते, कारण प्रत्येक वेळी पाहुण्याला थांबवून यजमानाला जागे करावे लागते. दर सेकंदाला लाखो पाकिटे हाताळणाऱ्या नेटवर्क कार्डाच्या बाबतीत ही किंमत परवडत नाही.

म्हणून पुढची पायरी आली ती अशी की, खरे उपकरणच पाहुण्याच्या स्वाधीन करायचे. लिनक्समध्ये यासाठीची व्हीएफआयओ ही व्यवस्था २०१२ साली दाखल झाली. उपकरणाचे पत्ते पाहुण्याच्या वहीत थेट जोडले की घंटा वाजविण्याची गरज उरत नाही. वेग जवळजवळ मूळ यंत्राइतका मिळतो.

पण वेगासाठी दार उघडे ठेवले की त्याची किंमतही द्यावी लागते. २०२० साली लिनक्समधील याच व्यवस्थेतील एक उणीव प्रसिद्ध झाली. उपकरणाने आपल्या पत्त्यांना उत्तर देऊ नये, असा हुकूम पाहुणा त्याला देऊ शकत होता. आणि त्यानंतरही त्याच पत्त्यांना हात लावू शकत होता. उत्तर देणारे कोणी नाही अशा पत्त्यावर केलेली मागणी काही यंत्रांत साधी चूक मानली जात नाही, ती संपूर्ण यंत्राचा घात मानली जाते, आणि यजमानासह सारे पाहुणे एकदम बंद पडू शकतात. दुरुस्ती केली ती मोठी बोलकी आहे. उपकरण गप्प केले गेले की यजमानाने त्याचे सारे पत्ते पाहुण्याच्या वहीतून पुसून टाकायचे. मग पाहुण्याचा हात उपकरणापर्यंत पोहोचतच नाही. त्याआधी पानाची गैरहजेरी होते, आणि ती कशी हाताळायची हे यजमानाच्या हाती राहते. म्हणजे जी गैरहजेरी वेगासाठी नको म्हणून काढून टाकली होती, तीच सुरक्षिततेसाठी परत बोलवावी लागली. एका भाडेकरूच्या खोडीने साऱ्या इमारतीचे दिवे जाऊ नयेत, यासाठी ही गैरहजेरी भिंतीचे काम करते.

याहून अवघड प्रश्न उलट दिशेने येतो. आतापर्यंत प्रोसेसर उपकरणाच्या पत्त्यांना हात लावीत होता. उपकरण स्वतःही मुख्य स्मृतीत लिहीत-वाचीत असते. प्रोसेसरला मध्ये न घेता स्मृतीशी थेट व्यवहार करण्याच्या या पद्धतीला डीएमए म्हणतात. आयओएमएमयू नावाचा एक पहारेकरी उपकरणाचे पत्ते तपासतो आणि परवानगी नसलेल्या जागी त्याला जाऊ देत नाही. पण समजा, उपकरणाला हवे असलेले पान यजमानाने नुकतेच डिस्कवर नेऊन ठेवले आहे. आता काय?

वाचनकक्षातील वाचक थांबू शकतो. झोतभट्टी थांबू शकत नाही. भट्टीत वरून माल पडत राहिलाच पाहिजे. गाडी वाटेत आहे, जरा थांब, असे भट्टीला सांगता येत नाही. बहुतेक जुनी उपकरणे भट्टीच्या जातीची आहेत. नेटवर्कच्या तारेवरून पाकीट येऊन थडकते. ते ठेवायला जागा नसेल तर ते सांडते. अर्धवट झालेले काम मागे घेऊन पुन्हा आरंभापासून करण्याची शक्ती प्रोसेसरला ॲटलसपासून आहे. उपकरणांना ती कोणी दिलीच नव्हती, कारण तिची गरज पडेल असे कोणाला वाटले नव्हते. पहारेकऱ्याने अडविलेली मागणी सरळ फुकट जाते.

म्हणून सर्वत्र एकच सोपा उपाय योजला गेला. पाहुण्याला खरे उपकरण दिले की त्याची सगळी स्मृती आधीच जागेवर आणायची आणि खिळे मारून पक्की करायची. ते खिळे निघेपर्यंत एकही पान हलणार नाही. भट्टी थांबू शकत नाही म्हणून खाणीतला सगळा माल आधीच भट्टीपाशी आणून टाकण्यासारखाच हा उपाय आहे. तो सुरक्षित आहे, पण फार खर्चिक आहे. पाहुण्याने मागितलेली स्मृती तो वापरो वा न वापरो, अडकून पडते. फुगा निकामी होतो. जेथे दहा पाहुणे राहू शकले असते तेथे त्यांतले थोडेच मावतात. ज्याला यंत्र विकत घेता येत नाही व भाड्याच्या तुकड्यावर काम भागवावे लागते, अशा विद्यार्थ्याला आणि संशोधकाला याची झळ प्रथम लागते.

आपल्या देशाला ही झळ काही नवी नाही. १९८० च्या दशकात मोठा संगणक बाहेरून मिळविणे किती कठीण होते, हे सर्वज्ञात आहे. त्या अनुभवातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा संगणक साकार झाला. अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून एक मोठे यंत्र उभारणे, हे त्याचे सूत्र. त्यासाठी ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर वापरले होते. एका ट्रान्सप्युटरच्या पोटात चार किलोबाइट स्मृती असे, बाकीची त्याच्या शेजारी जोडलेली असे, आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी त्याला चार दुवे असत.

या ट्रान्सप्युटरमध्ये पानांची वही ठेवण्याची सोय नव्हती. साहजिकच त्यात पानाची गैरहजेरीही नव्हती. जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही. कोणत्या प्रोसेसरजवळ कोणता मजकूर राहील आणि तो शेजाऱ्याकडे केव्हा धाडायचा, हे कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. तीस वर्षांपूर्वी टिफ्रॅकवर काम करणाऱ्याच्या डोक्यावर जे ओझे होते, ते वेगळ्या रूपात येथेही होतेच. पुढे १९९८ साली आलेल्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते व त्यांना पानांची व्यवस्था उपजतच होती. म्हणजे प्रोसेसरपुरता प्रश्न सुटला होता.

पण २०१३ सालच्या परम युवा-२ या यंत्रात प्रोसेसरच्या जोडीला साहाय्यक गणनकार्डे आली. अशा कार्डावर स्वतःची वेगळी स्मृती असते. २०२० साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम सिद्धी-एआय उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत त्याला ६३ वा क्रमांक मिळाला. त्याचे बळ एन्व्हिडिया कंपनीच्या ए१०० या ग्राफिक्स प्रोसेसरांत आहे. हा प्रोसेसर प्रथम आला तेव्हा त्याच्यावर ४० गिगाबाइट स्मृती होती. चार किलोबाइटचे एक पान धरले तर ही एक कोटीहून अधिक पाने होतात. ॲटलसजवळ ३२ होती. कार्डावरील ही स्मृती सेकंदाला सुमारे १५०० गिगाबाइट वेगाने वाचता येते, तर मुख्य स्मृतीतून कार्डापर्यंत येणारी वाट सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइटची. जवळच्या व दूरच्या कोठारांतील जुनेच अंतर, जवळजवळ पन्नासपटींचे, येथे नव्याने उभे राहिले.

या प्रोसेसरच्या कुळात २०१६ साली एक महत्त्वाचा बदल झाला. त्यापूर्वीच्या पिढ्यांत काम सुरू करण्याआधी लागणारा सगळा मजकूर कार्डावर आणून ठेवावा लागे. २०१६ सालच्या पास्कल या पिढीपासून कार्डाला थांबता येऊ लागले. हवे असलेले पान कार्डावर नसेल तर ज्या धाग्यांना ते हवे आहे तेवढे धागे थांबतात आणि बाकीचे काम करीत राहतात. येथे धागा म्हणजे कामाचा एकेक स्वतंत्र ओघ. गैरहजेरीची नोंद एका वहीत होते, मुख्य संगणकावरील चालक-कार्यक्रम त्या नोंदी घाऊक वाचतो, पाने कार्डावर हलवितो, आणि अडलेली मागणी पुन्हा केली जाते. ए१०० मध्ये एका वेळी दोन लाखांहून अधिक धागे वावरू शकतात. एक पान नसले की हजारो धागे एकदम तेच पान मागू शकतात. म्हणून नोंदी एकेक न सोडविता गठ्ठ्याने सोडविणे अगत्याचे ठरते.

नेटवर्क कार्डांच्या बाबतीतही हीच दिशा दिसते. इन्फिनिबँड प्रकारच्या कार्डांसाठी ‘मागणीनुसार पान’ देण्याची सोय लिनक्समध्ये २०१५ साली आली. येणारे पाकीट ठेवायला पान नसेल तर कार्ड पाठविणाऱ्यालाच कळविते की, थोडे थांबून पुन्हा पाठवा. भट्टीला थांबता येत नसेल तर खाणीलाच थोडे थांबायला सांगण्याचा हा मार्ग. उपकरणाने पानाची मागणी रीतसर यजमानाकडे करावी, उत्तर येईपर्यंत धीर धरावा आणि मग पुन्हा प्रयत्न करावा, असे नियमही उपकरणे जोडण्याच्या पीसीआय एक्सप्रेस या पद्धतीत ठरलेले आहेत.

या साऱ्यात पाहुणा आणि यजमान आले की उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. उपकरणाच्या पत्त्यांसाठीही दोन वह्या ठेवता येतात. पहिल्या वहीतील गैरहजेरी असेल तर यजमानाने ती पाहुण्याकडे पोचवावी, कारण ते पान पाहुण्याच्या हिशेबातले आहे. दुसऱ्या वहीतील असेल तर यजमानाने ती स्वतः निस्तरावी व पाहुण्याला त्याचा त्रास देऊ नये. नियम सोपा दिसतो, पण त्यासाठी उपकरण, पहारेकरी, यजमान आणि पाहुणा या चौघांनाही थांबणे, कळविणे आणि पुन्हा आरंभ करणे ही तीन कामे यावी लागतात. त्यांतल्या एकाला जरी ती येत नसली, तरी सारी स्मृती खिळे मारून ठेवण्याच्या जुन्या उपायाकडे परतावे लागते. आजही अनेक ठिकाणी तसेच करावे लागते, ही वस्तुस्थिती आहे.

येथे एक इशाराही देणे आवश्यक आहे. थांबता येते म्हणून वारंवार थांबावे, असा याचा अर्थ नव्हे. उपकरणाची एक गैरहजेरी सोडविण्यासाठी मुख्य संगणकापर्यंत हेलपाटा घालावा लागतो, आणि तेवढ्या काळात असा प्रोसेसर लाखो आकडेमोडी करू शकला असता. डेनिंग यांनी १९६८ साली सांगितलेला नियम येथेही तंतोतंत लागू आहे. कामाला लागणारी पाने किती याचा अंदाज घ्यावा, ती आधीच कार्डावर आणून ठेवावी आणि गैरहजेरी ही चुकलेल्या अंदाजाची भरपाई म्हणून हाताशी असू द्यावी. भिलाईच्या भट्टीपाशी बसलेला माणूसही याहून वेगळे काही करीत नाही. पुढच्या पाळीला काय लागेल हे तो आज पाहतो, आणि गाडीला उशीर झालाच तर काय करायचे हेही ठरवून ठेवतो.

श्रोतेहो, १९६२ साली प्रोसेसरला थांबायला शिकविले गेले, आणि त्यातून लहान यंत्रावर मोठी कामे करण्याची मुभा सामान्य कार्यक्रमकर्त्याला मिळाली. उपकरणांना तेच शिकवायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला, आणि ते शिक्षण अद्याप पूर्ण झालेले नाही. ते पूर्ण होईल त्या प्रमाणात एका महागड्या यंत्रावर अधिक माणसांना जागा मिळेल, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या कामापर्यंत पोहोचणार नाही. ज्या देशात यंत्रे थोडी आणि ती वापरू इच्छिणारे हात पुष्कळ आहेत, त्या देशाच्या दृष्टीने या लाभाचे मोल फार मोठे आहे.